भोजपूरचे पाथरवट आणि आपले इतिहासलेखन : एक समीक्षा

भोपाळच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात बेतवा नदीकाठी भोजपूर हे गाव आहे. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावाशी परंपरेने जोडलेले तेथील शिवमंदिर अपूर्ण आहे. चार मीटर उंचीचा चौथरा, सुमारे बारा मीटर उंचीचे चार प्रचंड खांब, त्याहून थोडे कमी उंचीचे दार आणि आत भव्य शिवलिंग एवढेच उभे राहिले. मंडप झाला नाही, शिखर झाले नाही. बहुतेक प्रवासी शिवलिंग पाहून परततात. पण इतिहासाच्या शिक्षकाने मंदिराच्या मागच्या बाजूला आणि आजूबाजूच्या खडकांवर जाऊन पाहावे. तेथे तीन गोष्टी आहेत. मोठाले दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार अजून शिल्लक आहे. खडकाच्या सपाट पाठीवर मंदिराचे तलविन्यास, खांब, थर आणि शिखरे यांची रेखाचित्रे कोरलेली आहेत. आणि दगडांवर पाथरवटांनी केलेल्या तेराशेहून अधिक खुणा आहेत. त्यांत चक्र, त्रिशूळ, शंख, स्वस्तिक, फुलीचे वर्तुळ अशी चिन्हे आहेत, तशीच काही नागरी अक्षरेही आहेत.

मध्ययुगीन भारतातील पाथरवटाचे काम आणि त्याचा दर्जा या विषयावर जे लेखन आपल्या हाती आहे, त्याची तपासणी या तीन गोष्टींच्या आधारे करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय केवळ पुरातत्त्वज्ञांचा नाही. आपल्या कम्युनिटी कॉलेजांत गवंडीकाम, फरशीकाम, बांधकाम देखरेख शिकायला येणारी मुले अनेकदा याच धंद्यातील घरांतून येतात. त्याच इमारतीत, शेजारच्या वर्गात, आपण इतिहास शिकवताना "अमुक राजाने मंदिर बांधले, तमुक बेगमेने मशीद बांधली" असे सांगतो. या वाक्यात त्या मुलांच्या पूर्वजांना कर्त्याची विभक्ती मिळत नाही, करणाचीही मिळत नाही.

या विषयावरील लेखनात दोन कल्पना फार काळ चालत आल्या आहेत. पहिली म्हणजे बांधणारा तो राजा. दुसरी कल्पना अधिक मोहक आणि म्हणून अधिक घातक आहे : भारतीय कारागीर नम्र होता, कला ही त्याला उपासना वाटे, म्हणून त्याने आपले नाव मुद्दाम लिहिले नाही. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली 'द इंडियन क्राफ्ट्समन' लिहिले तेव्हा यंत्रयुगाने कारागिराची जी दुर्दशा केली होती ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्या काळात कारागिराला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्यामागून आलेल्यांनी त्यातली सावधगिरी सोडली आणि उपासना तेवढी ठेवली. वर्गात "अनाम शिल्पकारांची निःस्वार्थ साधना" हे शब्द आपणही सहज वापरतो. नाव न लिहिणे आणि नाव लिहायची मुभा नसणे यांत फरक आहे, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही.

भोजपूरच्या खुणा या कल्पनेला छेद देतात. किरीट मांकोडी यांनी या मंदिराचा बारकाईने अभ्यास केला आणि हे स्मारकस्वरूपी, म्हणजे दिवंगताच्या स्वर्गारोहणासाठीचे, मंदिर असावे असे मत मांडले. त्या मताशी सहमत व्हावे की नाही हा वेगळा वाद आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या खुणांचे स्वरूप. कोणी किती दगड घडवले याचा हिशेब ठेवण्यासाठी अशा खुणा करतात. एकेका माणसाची, एकेका कुटुंबाची किंवा टोळीची खूण ठरलेली असते. काम पुरे झाल्यावर शेवटचा हात फिरवताना, दगडाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करताना, त्या नाहीशा होतात. भोजपूरला त्या दिसतात याचे कारण मंदिर अपुरे राहिले हे आहे. पूर्ण झालेल्या इमारतींवरून आपण कारागीर "अनाम" होता असा निष्कर्ष काढतो, तेव्हा घासून टाकलेल्या कागदावर काही लिहिलेलेच नव्हते असे म्हणण्यासारखे ते होते.

याला एक पोटकलम जोडले पाहिजे. दगडावरची प्रत्येक खूण मजुरीसाठीच असते असे नाही. खाणीतून काढलेला दगड कोणत्या थरात, कोणत्या बाजूस बसवायचा हे सांगणाऱ्या जोडणीच्या खुणाही असतात आणि दोहोंची गल्लत करणे सोपे आहे. ताजमहालाच्या फरसबंदीवर आणि भिंतींवरही पाथरवटांची चिन्हे आहेत. एब्बा कॉख यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. म्हणजे भोजपूर हा अपवाद नाही, तेथे हा पुरावा केवळ जास्त दाट आहे.

रेखाचित्रे आणि शास्त्र

भोजपूरच्या रेखाचित्रांवरील आजवरचे सर्वांत मोठे काम म्हणजे अ‍ॅडम हार्डी यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. भोजाच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुग्रंथ आणि खडकावरची ही चित्रे त्यांनी समोरासमोर ठेवून वाचली आहेत. संस्कृत भागाचे भाषांतर मत्तिया साल्विनी यांचे आहे. हार्डी स्वतः वास्तुकलेचे अभ्यासक असल्यामुळे श्लोकात सांगितलेली मापे हातात पेन्सिल घेऊन कागदावर उतरवून पाहतात, आणि ग्रंथाच्या शब्दांतून मंदिर प्रत्यक्ष उभे राहते की नाही हे तपासतात. आपल्याकडील अनेक संस्कृत पंडितांनी हे केले नाही आणि अनेक स्थपतींना ते करता येत नव्हते. ग्रंथ हा बांधकामाचा आज्ञापत्रवजा नियम नसून शक्यतांची मांडणी आहे, आणि कारागीर त्या शक्यतांमध्ये आपली भर घालतो, हे त्यांनी चांगल्या रीतीने दाखवले आहे. खडकावरची चित्रे म्हणजे नियोजित आणि नंतर थांबलेल्या कितीतरी मोठ्या संकुलाचे आराखडे आहेत, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट होते. आधुनिकपूर्व भारतातील वास्तूचे आराखडे इतक्या विस्ताराने क्वचितच शिल्लक राहिले आहेत.

एवढे श्रेय देऊनही या ग्रंथाविषयी एक तक्रार राहते. हार्डींच्या पानांत आकार बोलतो, हात बोलत नाही. खडकावर पूर्ण मापाचा आराखडा कोरला जातो तो कोणासाठी? जो तो वाचून दगड घडवणार आहे त्याच्यासाठी. म्हणजे आराखडा वाचता येणारे, वर्तुळाला छेद देऊन कोन काढता येणारे पाथरवट तेथे होते. त्यांची ही विद्या शास्त्रातून आलेली होती की बापाच्या हाताखाली आलेली होती, एका आराखड्यावर किती जण काम करीत, चूक झाल्यास दगड कोणाच्या नावे पडे, या प्रश्नांकडे ग्रंथ वळत नाही. तेराशे खुणा त्याच्या परिघावरच राहतात.

'समरांगणसूत्रधारा'त स्थपतीच्या लक्षणांचे एक प्रकरण आहे. शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील ही चार अंगे त्याच्या ठायी असावीत असे ते सांगते. केवळ शास्त्र जाणणारा प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगणावरील भित्र्यासारखा गळून जातो, आणि केवळ हातकाम जाणणारा आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या आधाराने चालतो, अशा आशयाचे विवेचन त्यात येते. शिक्षकांना हा भाग फार आवडतो आणि त्याचे कारण उघड आहे. पण वाक्याचा तोल नीट पाहावा. भित्रा माणूस धीर धरू शकतो, आंधळ्याला मात्र हात धरणारा लागतोच. ग्रंथ दरबारातून लिहिला गेला आहे आणि हातकामाला मार्गदर्शनाखाली ठेवण्याची व्यवस्था त्यात आधीच करून ठेवली आहे. वास्तुग्रंथांतून स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी अशी श्रेणी येते. तिच्या तळाशी जे खाणीत टाकी मारीत होते, त्यांना या श्रेणीत नावच नाही.

या ठिकाणी एक गोष्ट बाजूला सांगावीशी वाटते. भोपाळ आणि भोजपूरचा दगड म्हणजे विंध्य पर्वतरांगेतील वालुकाश्म. आपल्या महाराष्ट्रातील काळ्या बेसाल्टपेक्षा तो घडवायला सोयीचा. म्हणून तेथील कोरीवकामात जी नजाकत दिसते ती आपल्याकडच्या मंदिरांत व किल्ल्यांत कमी दिसते, याचा दोष आपल्या पाथरवटांना देऊ नये. पण वालुकाश्माची धूळ सिलिकाची असते. याच माळव्यात मंदसौर येथील पाटीच्या पेन्सिलींच्या कारखान्यांतील मजुरांना सिलिकोसिस कसा जडला, याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. अकराव्या शतकातील फुफ्फुसे काही वेगळी नव्हती. स्थपतीच्या चार लक्षणांत याचा विचार नाही आणि कला-इतिहासाच्या पुस्तकांतही नाही.

चित्रे आणि दरपत्रक

मोगल काळात आल्यावर पुरावा बदलतो. अहसान जान कैसर यांचे 'बिल्डिंग कन्स्ट्रक्शन इन मुघल इंडिया' (१९८८) हे छोटेसे पुस्तक मला या विषयावरील सर्वांत उपयुक्त पुस्तकांपैकी एक वाटते. आग्र्याचा किल्ला किंवा फत्तेपूर सिक्री बांधली जात असल्याची जी लघुचित्रे 'अकबरनाम्या'त आहेत, त्यांतील माणसे, हत्यारे, उतार, परांच्या आणि दोर त्यांनी एकेक करून वाचले. पाचरी मारून दगड फोडणारे, कावडीने चिरा वाहणारे, चुना कालवणाऱ्या व घमेली उचलणाऱ्या स्त्रिया हे सर्व चित्रकाराने पाहिलेले होते. भोजपूरचा मातीचा उतार समजून घ्यायचा असेल तर या चित्रांइतके दुसरे साधन नाही, जरी दोहोंत पाच शतकांचे अंतर असले तरी. स्त्रियांचा वाटा या पुस्तकामुळे नजरेस येतो, तो वास्तुग्रंथांत शोधूनही सापडत नाही.

कैसर यांच्याविषयी आक्षेप घ्यायचा तर तो असा, की चित्राला ते साक्षीदार मानतात, पक्षकार मानत नाहीत. बादशाह पाहणीला आला आहे आणि प्रत्येक जण कामात गढलेला आहे, अशा क्षणाचे हे चित्र आहे. कोणी बसलेला नाही, कोणी मुकादमाशी हुज्जत घालीत नाही, कोणाच्या बोटावर हातोडी पडलेली नाही. साहेब वर्गतपासणीला आल्यावर आपले वर्ग जसे दिसतात तसे हे बांधकाम दिसते.

ही उणीव अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'तील मजुरीच्या दरांनी काहीशी भरून निघते. गिलकार, म्हणजे चुन्याचे काम करणारा गवंडी, याला पहिल्या प्रतीचा असल्यास दिवसाला ७ दाम मिळत. पाणी वाहणाऱ्याला प्रतीप्रमाणे ३ किंवा २ दाम. संगतराशाचा दर मात्र दिवसावर नाही, मापावर आहे : नक्षी काढणाऱ्यास गजामागे ६ दाम, साधे काम करणाऱ्यास गजामागे ५ दाम. चाळीस दामांचा एक रुपया. हे आकडे सरकारी आहेत, प्रत्यक्ष हातात किती पडे हे त्यांवरून ठरत नाही. तरीही दोन गोष्टी त्यांतून निघतात. पाथरवट मापावर पैसे घेणारा होता. म्हणजे त्याने घडवलेला दगड ओळखता येणे ही त्याच्या पोटाची गरज होती, आणि भोजपूरच्या खुणांचा अर्थ लावायला हा दर साडेपाच शतकांनंतरचा असला तरी उपयोगी पडतो. दुसरे, नक्षीदार आणि साध्या कामात फरक अवघा एका दामाचा आहे. आज आपण नक्षीला कला आणि सपाट चिऱ्याला मजुरी म्हणतो. अकबराच्या हिशेबनिसाला ते अंतर एवढे मोठे वाटले नाही.

युरोपशी तुलना येथे कामाला येते. इंग्लंडमध्ये प्लेगच्या साथीनंतर १३५१ च्या मजूर कायद्याने दर बांधून दिले : घडीव दगडाच्या मुख्य पाथरवटास दिवसाला ४ पेन्स, इतर पाथरवटांस ३ आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांस दीड. १४२५ साली पाथरवटांच्या वार्षिक सभांवर कायद्याने बंदी आली, कारण सभांत ते मजुरी वाढवून मागत. डग्लस नूप आणि जी. पी. जोन्स यांनी १९३३ च्या 'द मेडिव्हल मेसन' या ग्रंथात बांधकामाच्या हिशेबवह्या वाचून दाखवले, की पाथरवट हा विणकर किंवा सोनार यांच्याप्रमाणे एका शहराच्या संघात बसलेला कारागीर नव्हता. जेथे राजाचा किल्ला किंवा चर्चची इमारत उभी राहत असे तेथे तो जाई, कधी राजाज्ञेने पकडून नेला जाई. "मध्ययुगीन युरोपात कारागीर संघटित आणि सन्मानित, आपल्याकडे जातीत अडकलेला" हे जे सोपे समीकरण पाठ्यपुस्तकांत दिसते, त्याला या ग्रंथाने केव्हाच तडा दिला आहे. भोजपूरही शहर नव्हते. ते एक प्रचंड कामाचे ठिकाण होते. काम थांबले की टोळ्या उठून गेल्या असणार. पाथरवटाचा दर्जा ठरवताना त्याचे शहर कोणते हे विचारण्यापेक्षा त्याचे पुढचे काम कोठे हे विचारणे अधिक योग्य ठरते.

नावे कोणाची राहिली

मग नावे मुळीच राहिली नाहीत का? राहिली, आणि ती कोणाची हे पाहण्यासारखे आहे. चितोडच्या पंधराव्या शतकातील विजयस्तंभावर सूत्रधार जैता आणि त्याच्या मुलांची नावे आहेत, शिवाय त्यांच्या प्रतिमाही आहेत. माळव्यातच, मांडूला होशंगशाहाच्या कबरीच्या दारावर १६५९ चा एक लेख आहे. शाहजहानच्या पदरच्या चार जणांनी या वास्तूला भेट दिल्याची ती नोंद आहे : उस्ताद अहमद यांचे पुत्र लुत्फुल्लाह मुहन्दिस, ख्वाजा जादू राय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. दोनशे वर्षांपूर्वीच्या संगमरवरी कामाला मान द्यायला धंद्यातली माणसे आली, आणि दोन्ही धर्मांची नावे एका ओळीत कोरून गेली. याच लुत्फुल्लाहच्या फारसी काव्यसंग्रहाच्या आधारे सय्यद सुलेमान नदवी यांनी १९३० च्या दशकात उस्ताद अहमद लाहोरी हे ताजमहालाचे वास्तुकार होत, हे पुढे आणले. नदवी पुढे १९४६ पासून काही वर्षे भोपाळ संस्थानात काझी होते. लुत्फुल्लाहचा भाऊ अताउल्लाह आणि हंसपत राय यांची नावे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजींचे नाव आहे. त्यांच्या आडनावाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

हे सर्व पुरावे आपण वर्गात "कारागिरांचा सन्मान होत असे" हे सिद्ध करण्यासाठी वापरतो. येथे थोडे थांबावे. सूत्रधार म्हणजे ज्याच्या हाती सूत्र, मुहन्दिस म्हणजे भूमिती जाणणारा, हिरोजी म्हणजे गडाच्या कामाचे व्यवस्थापक. आखणारे, मोजणारे आणि देखरेख करणारे यांची ही नावे आहेत. त्यांचा सन्मान खरा होता आणि त्याला धर्माची आडकाठी नव्हती, ही बाब मोलाची आहे. पण मकबऱ्यासाठी राजस्थानहून आलेला संगमरवर ज्यांनी कापला त्यांचे नाव त्या दारावर नाही. त्यांच्याजवळ असेल तर भोजपूरसारखी एखादी खूण. "पाथरवटाचा दर्जा" असा एकवचनी प्रश्नच चुकीचा आहे. एकाच इमारतीवर नाव असलेला, खूण असलेला आणि दोन्ही नसलेला असे तीन माणूस उभे होते.

आजच्या काळातही हे वाटप फार बदललेले नाही. २००६-०७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली भोजपूरच्या मंदिराची दुरुस्ती केली. नाहीसा झालेला एक खांब पुन्हा बसवायचा होता. जुळणारा दगड देशभर शोधून अखेर आग्र्याजवळ मिळाला, एकाच दगडातून सुमारे १२ टनांचा खांब घडवला गेला. पुरेशा लांब हाताची क्रेन मिळेना, तेव्हा कप्प्या आणि तरफा यांची यंत्रणा उभी केली. तिच्या तयारीलाच सहा महिने लागले. राजा भोजाच्या माणसांनी यापेक्षा कितीतरी जड दगड मातीच्या उतारावरून नेले होते. या दुरुस्तीची जी हकीकत छापली जाते तीत देखरेख करणाऱ्याचे नाव असते आणि खांब घडवणारे "कुशल कारागीर" असतात.

भोपाळ शहरातील ताजुल मसाजिदचा इतिहासही असाच सांगितला जातो. शाहजहान बेगम (कारकीर्द १८६८ ते १९०१) यांनी ती सुरू केली, त्यांच्या निधनानंतर काम अपूर्ण राहिले, १९७१ साली मौलाना इम्रान खान नदवी यांच्या प्रयत्नाने पुन्हा सुरू होऊन १९८५ च्या सुमारास पूर्ण झाले. हे सर्व खरे आहे. पण भोजपूर आणि ताजुल मसाजिद यांत एक महत्त्वाचा फरक आहे, आणि आपल्या संशोधनाला तो उपयोगी पडण्यासारखा आहे. १९७१ नंतर तेथे काम केलेले सर्वच पाथरवट आणि गवंडी अजून इतिहासजमा झालेले नाहीत. त्या वेळी वीस-बावीस वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरीत आहे. शहरातील कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणाचे साधे यंत्र घेऊन त्यांच्याकडे जावे. दगड कोणत्या खाणीचा होता, जुन्या कामाला नवे काम जोडताना सांधा कसा जुळवला, मजुरी रोजावर होती की फुटावर, मुकादम कोण होता, स्त्रिया कोणते काम करीत, घडवलेल्या दगडावर आपली खूण करण्याची रीत होती का, आणि असल्यास शेवटचा हात फिरवताना ती खूण कोणी घासून काढली, एवढे प्रश्न पहिल्या भेटीला पुरेत.